हजेरीवहीतली पहिली ओळ

श्री. जनार्दन परब यांना, म्हणजे आमच्या भाईंना, मी पहिल्यांदा पाहिले ते डिचोलीला, एका बंद खोलीचे कुलूप काढताना. गोवा घटकराज्य होऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी पंचायत सचिव म्हणून नुकताच लागलो होतो. नव्या सचिवांसाठी दर महिन्याला कायद्याचा मार्गदर्शन वर्ग भरतो, तिथे हजर राहावे, असे पत्र आले होते. आमच्या गावाहून सकाळची एकच बस, त्यामुळे मी वर्गाच्या तासभर आधीच पोचलो. बघतो तर पांढरा शर्ट घातलेले एक सडपातळ गृहस्थ कुलूप काढून खिडक्या उघडत होते. खिडक्या उघडून झाल्यावर त्यांनी टेबलावर हजेरीची वही ठेवली, पहिल्या ओळीत सही केली आणि पेन माझ्यापुढे धरले.

मी त्यांना कचेरीतले कारकून समजलो. म्हटले, "पहिली ओळ साहेबांसाठी ठेवायची असते ना हो?"

"सायब आयलो," ते म्हणाले. "ताणें सय केल्या. आतां तूं कर."

तेच साहेब. विस्तार अधिकारी, आणि त्या वर्गाचे गुरुजी. मी शरमेने दुसऱ्या ओळीत सही केली. भाईंनी त्या दिवशी फळ्यावर पुष्कळ काही लिहिले, पण खरा धडा ते वर्गाआधीच देऊन मोकळे झाले होते. तो मला कळला नाही, आणि त्यापायी पुढे माझी नोकरी जायची वेळ आली. ती हकीकत या लेखात सांगणार आहेच. गौरवग्रंथात आपलीच चूक सांगत बसणे शोभत नाही असे संपादकांचे म्हणणे होते, पण भाईंचा गौरव मला दुसऱ्या कुठल्या मार्गाने करता येत नाही.

भाई मूळचे पेडण्याकडचे. आधी प्राथमिक शिक्षक, मग ग्रामसेवक, मग डिचोलीच्या गट कार्यालयात विस्तार अधिकारी. वरून येणारी परिपत्रके इंग्रजीत असायची. आम्ही ती दोनदा वाचायचो, फाईलला लावायचो आणि आधी जे करत होतो तेच करत राहायचो. भाई मात्र घरी बसून प्रत्येक परिपत्रकाचे एक पान मराठीत करायचे आणि त्याच्या सायक्लोस्टाईल प्रती आम्हाला वाटायचे. त्यांना आम्ही 'भाईंची पाने' म्हणत असू. प्रत्येक पानाची सुरुवात कुणा तरी सचिवाने विचारलेल्या प्रश्नाने व्हायची. "नवरा-बायको दोघेही ग्रामसभेला आली तर सही एकाचीच घ्यावी का?" खाली उत्तर: "माणसे दोन, सह्या दोन." "अर्जदार पंचाचा सख्खा भाऊ असेल तर?" उत्तर: "पंचांनी त्या विषयापुरते बाहेर बसावे, आणि ते बाहेर बसले हे वहीत लिहावे." "अर्ज फेटाळताना कारण द्यावेच लागते का?" उत्तर: "कारण लिहिता येत नसेल तर फेटाळू नये." माझ्याकडची पाने अजून आहेत. शाई उडाली आहे, काही ठिकाणी चहाचे डाग आहेत, पण नव्या पंचायत कायद्यानंतरही त्यातली निम्मी पाने जशीच्या तशी कामाला आली.

"नियमात बसत नाही" हे वाक्य भाईंना अजिबात खपायचे नाही. कुणी सचिवाने ते उच्चारले की ते चष्मा कपाळावर चढवायचे. "बसना म्हणूंक शिपायूय पुरो. कशें बसता तें सांगूंक तुका दवरला." मोरजीच्या एका मच्छीमार बाईंना किनाऱ्याजवळचे आपले जुने घर शाकारून दुरुस्त करायचे होते. कुठला कागद कुठे द्यायचा हे त्यांना कुणी सांगेना. भाईंनी आपला एक रविवार त्यांच्या पडवीत बसून घालवला, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने आकडा घातला. त्या बाई पुढे कितीतरी वर्षे भाईंकडे सुके बांगडे पाठवत. भाई शाकाहारी. ते बांगडे आमच्या वाट्याला यायचे, तेव्हा या व्यवहारात माझा स्वार्थ होता हे कबूल करतो.

त्या काळात भाषेचा वाद सगळीकडे पेटलेला होता. घराघरांत, देवळांच्या मंडपांत, चहाच्या हॉटेलांत माणसे कोकणी की मराठी यावरून हमरीतुमरीवर यायची. आमच्या वर्गातही एकदा दोन सचिव भांडले. एकाचे म्हणणे, ग्रामसभेची नोटीस कोकणीतच हवी. दुसऱ्याचे, मराठीतच. गळे धरायचेच काय ते बाकी होते. भाई मध्ये पडले नाहीत. त्यांनी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हणाले, "बरें, दोगांनीय नोटीस बरयात. जाची ताची भास." दोघांनी ताव भरून नोटीस लिहिली. भाईंनी दोन्ही वाचल्या, दोन्हींची स्तुती केली आणि विचारले, "भास बरी आसा. पूण सभा खंय? आनी कितल्या वरांचेर?"

दोघेही सभेची जागा आणि वेळ लिहायला विसरले होते. वर्ग हसून हसून लोळला. भांडणाऱ्या दोघांनी त्या दिवशी एकाच बाकावर बसून भाईंनी आणलेले उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी खाल्ली. भाई दर वर्गाला पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, ताजे उंडे कागदात बांधून आणायचे. कायदा रिकाम्या पोटी डोक्यात शिरत नाही, असे त्यांचे ठाम मत होते.

जागा आणि वेळ पाहण्याची ही सवय त्यांना इतकी जडली की लग्नपत्रिकाही ते नोटिशीसारख्या वाचू लागले. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना पोचवली, त्याच दिवशी त्यांचा फोन. "पत्रिका मेळ्ळी. मुहूर्त आसा, कुळदेव आसा, मामा आसा. लग्न खंय?" मी पत्रिका काढून बघितली आणि खुर्चीत बसलोच. सचिवाची अर्धी नोकरी झालेली, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे ठिकाण छापायला विसरलो! भाई दुपारी पेडण्याहून बसने आले. दोन दुपारी माझ्या बायकोसमोर बसून, उरलेल्या प्रत्येक पत्रिकेवर त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ठिकाण लिहिले. आमची लेक आजही म्हणते की तिच्या पत्रिकेइतकी देखणी पत्रिका तिने दुसरी पाहिलेली नाही.

आता माझी हकीकत.

डिचोली तालुक्यातल्या ज्या गावी मी तेव्हा सचिव होतो त्याचे नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील. गावाच्या वरच्या अंगाला टेकडी, टेकडीच्या पायथ्याला झर आणि झरीच्या पाण्यावर खालची वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती. एका कंत्राटदाराला त्या टेकडीच्या उतारावर खनिजाचे ट्रक उभे करायला आणि माल टाकायला जागा हवी होती. पंचायतीची परवानगी मिळाली असती तर एका पावसात तांबडी माती झरीत उतरली असती आणि शेती बसली असती. ग्रामसभा भरली. लोकांनी एकमुखाने ठराव केला, परवानगी देऊ नये. मी ठराव लिहिला, लोकांच्या सह्या घेतल्या, आणि तिथेच चूक केली.

आमच्या गावात रीत होती की देवस्थानचे मुख्य मानकरी आप्पा गावकार यांच्या नावाच्या वर कुणी सही करायची नाही. देवळाची सभा असो की पंचायतीची, वहीची पहिली ओळ आप्पांची. ते उशिरा आले तरी ओळ मोकळी राहायची. त्या रविवारी आप्पा म्हापशाला हॉस्पिटलात होते. कुणालाच पहिली ओळ घ्यायचा धीर होईना, मलाही नाही. मी ती सोडली, आणि आठ दिवसांनी आप्पा घरी आल्यावर वही त्यांच्या खाटेपाशी नेऊन सही घेतली. मला वाटले, मी गावाचा मान राखला.

कंत्राटदाराने अपील केले. त्याच्या वकिलाने हॉस्पिटलचा कागद जोडला होता: ज्या दिवशी ग्रामसभा झाली त्या दिवशी पहिली सही करणारा माणूस म्हापशाला दाखल होता. पहिलीच सही खोटी, तेव्हा सारी वही खोटी, ठराव खोटा. तो रद्द करून परवानगी द्यावी आणि सचिवावर कारवाई व्हावी. तो कागद वाचला आणि डोळ्यांपुढे घर आले. घरात दोन लहान मुले, पगार एकट्याचा.

सरपंच धावत आले. चांगला माणूस, पण घाबरट. "सेक्रेटरी, नवी वही हाड. सगळ्यांच्यो सयो परत घेवया. आप्पांचें नांवच नाका. कोणाक कळटलें?" खरे सांगतो, मला ते पटले. नवी वही मी बाजारातून आणलीसुद्धा. ती पिशवीत घालून मी भाईंकडे गेलो. सल्ला विचारायला गेलो असे म्हणू नका. मी त्यांचा आशीर्वाद घ्यायला गेलो होतो.

भाईंनी जुनी वही उघडली.

"पयली सय कोणाची?"

"आप्पांची."

"तेदिसा आप्पा खंय आशिल्ले?"

"म्हापशाक. हॉस्पिटलांत."

"मगीर ही सय केन्ना जाली?"

मी सगळे सांगितले. पिशवीतली कोरी वही दाखवली. भाईंचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. "एक वही चुकल्या. तूं दुसरी खोटी करूंक सोदता?" मग त्यांनी कोरी वही परत माझ्या पिशवीत घातली. पुन्हा बोलले तेव्हा नेहमीचे भाई झाले होते. "जें घडलें तें बरय. तुज्या हातान. हांव सांगचो ना."

त्यांनी मला कागद दिला आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसले. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. बाकीच्या सचिवांना पानेच्या पाने लिहून देणारा हा माणूस, आणि माझी मान अडकलेली असताना मला एक ओळ सांगत नाही! मी चार वेळा लिहिले. प्रत्येक वेळी भाई बाहेर येऊन वाचत आणि एखाद्या शब्दावर बोट ठेवत. "'अनवधानाने' कित्याक? तुका खबर आशिल्लें." "'प्रथेप्रमाणे' बरयलां, पूण ओळ कोणें सोडली? तूंवेंच मरे." पाचव्या वेळी बोट कुठेच थांबले नाही. त्या कागदात एवढेच होते की पहिली ओळ मी मानापोटी मोकळी ठेवली, ती सही आठ दिवसांनी मी घेतली, ती हजेरीत धरू नये, बाकीच्या सह्या सभेतच माझ्यासमोर झाल्या आहेत, आणि त्यातल्या कुणालाही बोलावून विचारावे. भाईंनी त्याखाली सही केली नाही. माझीच करवली.

सुनावणीला वकिलाने खरोखरच विचारले. त्याने मुद्दाम अंगठ्याचे ठसे निवडले, आणि पुढे आल्या शेवंताबाय. त्या दोडामार्गाकडून लग्न होऊन आलेल्या, खाणीवर दगड वेचायला जायच्या. खाणीवरच पोट असलेली बाई खाणवाल्याविरुद्ध काय बोलणार, असा त्या वकिलाचा हिशेब असावा.

"बाई, तुम्ही खरंच सभेला होता?"

"होतंय तर! घागर झरीर ठेवन थेट सभेक इलंय," शेवंताबाय म्हणाल्या. "आणि आंगठो माझोच हा. परत लावन दाखवू?"

अपील ऐकणारे अधिकारी हसले, मग त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. निकाल असा आला: सचिवाने चूक केली, पण लपवली नाही. वहीबद्दल संशय आला आहे, तेव्हा ग्रामसभा पुन्हा घ्यावी, सरकारी अधिकाऱ्यासमोर. लोक ठरवतील ते अखेरचे. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. वही बदलली असती तर झरही गेली असती आणि मीही. ते मला निकाल हातात घेतल्यावर उमगले आणि मी कचेरीच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडलो. भाईंवर एवढे दिवस धरलेला राग त्यातच वाहून गेला.

पण झर अजून वाचली नव्हती. दुसऱ्या सभेला लोक येणारच नाहीत, अशी समोरच्यांची अटकळ होती. भाताची कापणी ऐन भरात, आणि खाणीवर कामाला जाणाऱ्यांना त्या रविवारी मुद्दाम जादा पाळी लावलेली. भाईंनी मला फक्त नोटीस लिहायला लावली आणि ती तीन वेळा तपासली, जागा आणि वेळेसह. सभेच्या दिवशी ते पाहुणे म्हणून सर्वांत मागे, देवळाच्या मंडपाच्या खांबाला टेकून बसले.

लोक आले! कापणीचे कोयते कमरेला तसेच, चिखलाचे पाय धुऊन आले. जादा पाळी सोडून खाणीवरचे आले. मंडप पुरेना म्हणून बाहेर आंब्याखाली बसले. मी वही उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणालो, "जो पयलो आयला, ताणें हांगा सय करची." कुजबूज झाली. "आप्पांची ओळ?" कुणीतरी मागून म्हणाले. मी बोट तिथेच ठेवले. पहिल्या आलेल्या होत्या शेवंताबाय, घागर बाजूला ठेवून. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, पदर डोक्यावर घेतला आणि पहिल्या ओळीत अंगठा उमटवला. मग रांग लागली.

सह्या संपत आल्या तेव्हा आप्पा आले. आजारातून उठलेले, काठी टेकत, दोन मुलांच्या आधाराने. सगळा मंडप उभा राहिला. त्यांनी वही मागितली. पाने उलटून पहिली ओळ पाहिली, तो अंगठा पाहिला. त्यांनी पाने पुढे उलटली, शेवटच्या सहीपाशी आले आणि तिच्या खाली, अगदी तळाशी, सही केली.

"आतां ही सय," ते वही माझ्या हातात देत म्हणाले, "कोणाच्यान काडूंक जावची ना."

मंडपात जो जल्लोष झाला तसा मी पुढे कधी, जत्रेतही ऐकला नाही. ठराव एकमताने झाला. परवानगी कायमची नाकारली गेली. मी मागे पाहिले. भाई खांबाला टेकून चष्मा पुसत होते, आणि चष्म्याला काहीही लागलेले नव्हते.

ती ताकीद मी फाडून टाकणार होतो. भाईंनी ठेवायला लावली. "सांबाळून दवर. एक दीस तूंय शिकयतलो." तसेच झाले. पुढे नव्या सचिवांचा वर्ग माझ्याकडे आला, आणि नार्व्याला, मुळगावला, जिथे जिथे तो भरला तिथे तिथे मी पहिल्या दिवशी ती ताकीद वाचून दाखवली. आधी पोरे हसायची, मग आपापल्या वह्या तपासायची. त्यांच्यातले कितीजण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. कायद्याचे पुस्तक त्यांनी माझ्याकडून घेतले असेल, पण ते वाचायचे कसे, हे भाईंचे आहे. ती झर अजून वाहते. गावात गेलो की ओंजळभर पाणी पितो आणि भाईंना फोन करून सांगतो. ते दर वेळी एकच विचारतात, "वायंगण बरें आसा मरे?"

भाईंच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याला हजेरीची वही सांभाळायचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे. कुणीतरी सुचवले, पहिली ओळ सत्कारमूर्तींसाठी मोकळी ठेवा. मी साफ नकार दिला, आणि समितीत थोडा गोंधळ झाला. पण मला भाई ठाऊक आहेत. कार्यक्रम दहाचा असला तर ते नऊला येतील, दार बंद असेल तर किल्ली मागवतील, खिडक्या उघडतील. परमेश्वराने त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, डोळ्यांना नजर आणि पायांना बळ द्यावे, आणि शंभरीच्या सोहळ्यालाही त्यांनी असेच आम्हा सर्वांच्या आधी यावे. पहिली ओळ तेव्हाही कुणी त्यांच्यासाठी सोडलेली नसेल. ती त्यांचीच असेल.